द्विमितीय पदार्थांतील अरेषीय प्रकाशीय प्रतिसाद : इलेक्ट्रॉनांच्या आंतरक्रियेची भूमिका

प्रस्तावना :
जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांत, किंबहुना सर्वत्रच, पदवी वर्गास घनावस्था भौतिकी शिकविताना प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतंत्र मानला जातो. जाड स्फटिकापुरते हे गृहीतक बहुतांशी निभावते. एका थराच्या पदार्थात ते का अपुरे पडते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

विषय विवेचन :
सामान्य प्रकाशात पदार्थाचा प्रतिसाद विद्युतक्षेत्राच्या समप्रमाणात असतो. लेसरच्या तीव्र प्रकाशात ही समप्रमाणता मोडते. १९६१ मध्ये फ्रँकन व सहकाऱ्यांनी क्वार्ट्‌झमधून ६९४ नॅनोमीटरचा लाल किरण पाठवून ३४७ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळविला. हेच वारंवारता-द्विगुणन. त्यासाठी स्फटिकात व्युत्क्रम सममिती नसावी लागते. मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकेरी थरात ती नसते. नैसर्गिक रचनेच्या दुहेरी थरात ती असते व परिणाम जवळजवळ लोपतो.

द्विगुणन शक्य आहे की नाही, हे सममिती सांगते. ते कोणत्या रंगाला किती तीव्र होईल, हे मात्र मुख्यत्वे आंतरक्रिया ठरविते. प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापट्टात गेला की मागे धनप्रभारी विवर उरते. या दोघांच्या आकर्षणाने बांधलेली जोडी म्हणजे एक्सायटॉन. जाड स्फटिकात भोवतालचे प्रभार हे आकर्षण क्षीण करतात. गॅलियम आर्सेनाइडमध्ये बंधन ऊर्जा ०.००४ ते ०.००५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे खोलीच्या तापमानाच्या औष्णिक ऊर्जेहून (०.०२५) बरीच कमी असते. एकेरी थरात क्षेत्ररेषा बऱ्याच अंशी थराबाहेरून जातात व आकर्षण प्रबळ राहते. टंगस्टन डायसल्फाइडमध्ये ही ऊर्जा ०.३ च्या घरात जाते. जोडी खोलीच्या तापमानासही टिकते.

दोन फोटॉनांची एकत्रित ऊर्जा एक्सायटॉनच्या पातळीशी जुळली की द्विगुणन अनेक पटींनी वाढते. स्वतंत्र इलेक्ट्रॉनांच्या गणितात हे शिखर आढळतच नाही. २०१५ मध्ये टंगस्टन डायसेलेनाइडच्या एकेरी थरावरील प्रयोगांत विद्युतदाबाने इलेक्ट्रॉनांची संख्या बदलून द्विगुणनाची तीव्रता नियंत्रित करण्यात आली. महाराष्ट्रातही अशा थरांवर तीव्र लेसरच्या परिणामांचा अभ्यास होतो. मुंबईच्या आयआयटीतील गोपाल दीक्षित व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये ग्राफीनविषयी असे सैद्धान्तिक संशोधन प्रसिद्ध केले.

समारोप :
स्वतंत्र इलेक्ट्रॉनाचे प्रतिमान त्याज्य नव्हे. परंतु त्याची मर्यादा विद्यार्थ्यास सांगितली पाहिजे. त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. हायड्रोजनची १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट ही ऊर्जा जोडीच्या सापेक्ष वस्तुमानाने (०.०६) गुणून परावैद्युत स्थिरांकाच्या (१३) वर्गाने भागली की गॅलियम आर्सेनाइडचे उत्तर फळ्यावरच मिळते. एकेरी थरास मात्र हे सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तेथे आकर्षणाची क्षीणता अंतरानुसार बदलते. ते का, हा प्रश्न वर्गात उपस्थित होणे, हीच आधुनिक संशोधनाकडे जाणारी पहिली पायरी होय.