फटफटीचे छोटे दिवे

कापूस वेचणीचे दिवस होते. दिवेलागण झाली होती. आम्ही ओसरीवर बसलो होतो. एवढ्यात आमचा एक जुना विद्यार्थी फटफटी घेऊन अंगणात आला. मागे बायको, तिच्या मांडीवर लहान पोर. दोघांचेही चेहरे उतरलेले होते.

"का रे बाबू, काय झालं?" आम्ही विचारले.

"गुरुजी, आज वाचलो जी," तो म्हणाला. "आर्णी रोडवरून गावाकडे वळत होतो. उजवं बटन दाबलं. मांगून ट्रक येत होता. त्याले समजलंच नाही मी कोणीकडे वळतो ते. हातभर अंतरावरून गेला."

"इंडिकेटर लागला नव्हता का?"

"लागला जी. पण चारही लागले! परवा बजारातून एलईडी बल्ब आणून बसवले. तवापासून एक बाजू दाबली का दोन्हीकडचे लपलप करते."

मंडळी, गाडी चांगली होती. बल्बही चांगले होते. उणे होते ते फक्त माहितीचे. आज गावोगावी फटफट्या झाल्या आहेत. 'एमएच २९' पाटीची गाडी दिसली की ओळखावे, ही आपल्या यवतमाळची. बाजारात एलईडीचे बल्बही स्वस्त मिळतात. म्हणून या दिव्यांची गोष्ट नीट समजून घेऊ. आम्ही काही मिस्त्री नव्हे. जन्मभर हातात खडू धरला. पण जाणत्याला विचारून आणि स्वतःच्या गाडीवर करून जे कळले, ते येथे सांगत आहोत.

जुना बल्ब आणि नवा दिवा

जुन्या बल्बात एक बारीक तार असते. तिच्यातून वीज गेली की ती तापून पांढरी होते आणि उजेड देते. पण बहुतेक वीज उष्णता होऊन वाया जाते. उजेड थोडा, ताप फार. शिवाय आपल्या खेड्यांतले रस्ते कसे, ते सांगायला नको. हादरे बसून ती तार तुटते आणि बल्ब जातो.

एलईडीत तार नसते. त्यात एक लहानसा खडा असतो. वीज त्यातून गेली की तो खडाच उजळतो. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी १९६२ साली अमेरिकेत निक होलोनियाक यांनी केला. निळा दिवा साधायला पुढे बरीच वर्षे लागली. निळा झाला तेव्हा त्यावरून पांढराही करता आला. त्या कामासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या जपानात जन्मलेल्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. एलईडी हा विहिरीवरच्या पंपाच्या फूटव्हॉल्व्हसारखा आहे. फूटव्हॉल्व्ह पाणी वर जाऊ देतो, खाली परत येऊ देत नाही. तसेच एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते. उलटा बसवला तर तो लागत नाही.

फायदा किती? हिशेब करू

विजेची खपत वॅटमध्ये मोजतात. फटफटीच्या इंडिकेटरचा जुना बल्ब बहुधा १० वॅटचा असतो. एका बाजूचे दोन मिळून २० वॅट झाले. दिवा लपलप करतो, म्हणजे निम्मा वेळ विझलेला असतो. तेव्हा सरासरी १० वॅट धरा.

समजा बॅटरी १२ व्होल्ट आणि ३ अँपिअर-तासांची आहे. १२ गुणिले ३ म्हणजे ३६. गाडी रस्त्यात बंद पडली आणि इंडिकेटर चालू ठेवला, तर ३६ भागिले १० म्हणजे ३.६, सुमारे साडेतीन तासांत बॅटरी रिकामी. एलईडी बल्ब एकेक वॅटचा धरला, तर दोघांची सरासरी १ वॅट. तीच बॅटरी ३६ तास पुरेल. हा कागदावरचा हिशेब आहे. जुनी बॅटरी एवढे देत नाही. पण फरक कळावा म्हणून सांगितला.

म्हणजे बॅटरीवरचा भार हलका होतो, हे खरे. पण यामुळे पेट्रोल वाचेल, ही आशा धरू नका. तो फरक हाती लागण्याजोगा नाही.

आधी गंज पाहा

दिवा मंद झाला की लगेच नवा बल्ब घ्यायला धावू नये. पुष्कळदा दोष बल्बात नसतो, होल्डरात असतो. पावसाळ्यात पाणी शिरते. पितळेवर हिरवट थर चढतो. तो बारीक पॉलिश पेपरने घासावा. जमिनीची, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर सैल असेल तर घट्ट करावी. कित्येकदा यातच काम होते आणि पैसे वाचतात.

बल्ब काढण्यापूर्वी चावी बंद करावी. बॅटरीची वजा बाजूची वायर सोडावी. नुकताच लागलेला बल्ब तापलेला असतो, तो निवू द्यावा.

मीटरचे दिवे

मीटरातले बल्ब लहान असतात, साधारण दोन-तीन वॅटचे. पुष्कळांना टोपी नसते, ते नुसते खोचलेले असतात. एलईडी खोचला आणि लागला नाही, तर तो खराब आहे असे म्हणू नका. उपसून अर्धा फिरवून पुन्हा खोचा. दिशा सुलट झाली की लागेल.

घेताना १२ व्होल्टचा, गाडीसाठीच केलेला बल्ब घ्या. त्याच्या आत वीज आवरणारा रेझिस्टर असतो. सुटा एलईडी खडा थेट बॅटरीला जोडला तर क्षणात जळतो.

जुना बल्ब चहूकडे उजेड टाकतो. एलईडीचा उजेड पुष्कळदा समोरच जातो. मग मीटरच्या मध्यभागी एक ठिपका चमकतो आणि कडेचे आकडे काळोखात राहतात. म्हणून चहूबाजूंना खडे असलेला बल्ब निवडावा. फार तेजाचा घेऊ नये. मीटर डोळ्यांवर चमकला तर पुढचा रस्ता दिसत नाही.

काही जुन्या गाड्यांत मीटरचे आणि मागचे बारीक दिवे बॅटरीवर नसतात. ते थेट इंजिनाच्या मॅग्नेटवर चालतात. इंजिन बंद केले की ते विझतात, ही त्यांची खूण. ती वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. तिच्यावर साधा एलईडी थरथरतो आणि लवकर जातो. अशा गाडीत जुनाच बल्ब बरा.

इंडिकेटर भरभर का लपकतो?

जुन्या तऱ्हेच्या फ्लॅशरमध्ये धातूची पट्टी असते. वीज गेली की ती तापते, वाकते आणि जोड सुटतो. दिवा विझतो. पट्टी निवते, सरळ होते, जोड लागतो. दिवा पुन्हा लागतो. एलईडी वीज इतकी थोडी घेतो की पट्टी तापतच नाही. मग दिवा लपकत नाही, नुसता लागून राहतो.

काही नव्या फ्लॅशरची गोष्ट वेगळी. वीज कमी गेली की त्यांना वाटते, एखादा बल्ब गेला. मग ते मालकाला जागे करण्यासाठी भरभर लपकतात.

उपाय दोन आहेत. एक, एलईडीसाठी केलेला फ्लॅशर बसवणे. जुन्याला दोन पिना असतील तर नवाही दोन पिनांचा घ्यावा आणि वायरी पाहून लावाव्या. दुसरा, प्रत्येक बाजूला जादा रेझिस्टर जोडणे. तो फुकटची वीज खाऊन फ्लॅशरला फसवतो. पण तो चटका बसेल इतका तापतो. जवळचे प्लास्टिक वितळते. वाचवलेली वीजही तोच खातो. म्हणून पहिला उपाय चांगला.

नियमाप्रमाणे इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लपकला पाहिजे. घड्याळ हाती घ्या आणि १० सेकंद मोजा. १० ते २० वेळा लपकला तर ठीक.

चारही दिवे का लागले?

आता आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीकडे वळू. पुष्कळ गाड्यांच्या मीटरात इंडिकेटरची खूण दाखवणारा एकच हिरवा दिवा असतो. त्याची एक वायर डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला जोडलेली असते. डावे बटन दाबले की वीज त्या हिरव्या दिव्यातून जाऊन उजव्या बल्बांतून जमिनीला उतरते.

शेतातले उदाहरण घ्या. पाटातून थोडेसे पाणी झिरपून शेजारच्या मोठ्या वावरात गेले तर जमीन ओलीही दिसत नाही. पण तेच पाणी लहानशा वाफ्यात गेले तर वाफा भरतो. जुना १० वॅटचा बल्ब म्हणजे मोठे वावर. झिरपलेल्या विजेने तो लागत नव्हता. एलईडी म्हणजे लहान वाफा. तो तेवढ्याशा विजेनेही लागतो. म्हणून चारही दिवे लपकू लागले.

यावर उपाय दोन डायोडांचा. डायोड म्हणजे विजेचा फूटव्हॉल्व्ह. तो थोडक्या पैशांत मिळतो. हिरव्या दिव्याच्या दोन्ही वायरी सोडवाव्या. डाव्या वायरीत एक डायोड आणि उजव्या वायरीत एक डायोड घालावा. डायोडावर पट्टी असते, ती दिव्याच्या बाजूला यावी. दोन्ही डायोडांची ती टोके एकत्र करून हिरव्या दिव्याच्या अधिक बाजूला जोडावी. दिव्याची दुसरी बाजू बॉडीला जोडावी. आता वीज हिरव्या दिव्यापर्यंत येते, पण पलीकडच्या बाजूला जाऊ शकत नाही. हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. ज्या गाडीत डाव्या-उजव्यासाठी दोन वेगळे हिरवे बाण आहेत, तिला ही अडचण येत नाही.

मागचा लाल दिवा

येथे आमचीच फजिती झाली होती. आम्ही मागच्या दिव्यात पांढरा एलईडी बसवला. घरी पाहिले तर लख्ख दिसला. रात्री शेजाऱ्याने सांगितले, "गुरुजी, तुमचा दिवा लाल नाही जी, गुलाबी दिसते. अन ब्रेक दाबला का नाही तेही समजत नाही."

असे का झाले? तापलेल्या तारेच्या उजेडात लाल रंग भरपूर असतो. लाल काच बाकीचे रंग अडवते आणि लाल तेवढा सोडते. पांढऱ्या एलईडीत लाल रंग थोडाच असतो. मग काचेतून येणार काय? म्हणून लाल काचेमागे लाल एलईडी आणि नारिंगी काचेमागे नारिंगी एलईडी, हा नियम लक्षात ठेवा.

पण येथेही एक मेख आहे. मागचाच दिवा नंबरपाटीवर उजेड टाकत असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागून लाल दिवा दिसला पाहिजे आणि पाटीवर मात्र पांढरा उजेड पडून नंबर वाचता आला पाहिजे. नुसता लाल एलईडी लावला तर पाटीही लाल होते. तेव्हा मागे लाल आणि खाली पांढरा असा बल्ब मिळाला तरच बदलावा. नाही तर जुनाच ठेवावा.

या बल्बात दोन कामे असतात. बारीक दिवा ५ वॅटचा आणि ब्रेकचा २१ वॅटचा. नव्या बल्बातही ब्रेक दाबताच उजेड स्पष्ट वाढला पाहिजे. फरक दिसत नसेल तर तो बल्ब परत करावा. मागून येणाऱ्याला 'मी थांबतो आहे' हे सांगणारा तोच एक दिवा आहे.

पुढच्या दिव्याला हात लावू नका

पुढच्या दिव्याची वाटी जुन्या बल्बातल्या बारीक तारेच्या मापाने घडवलेली असते. तिच्यात कुठलाही एलईडी कोंबला तर उजेड रस्त्यावर न पडता भलतीकडे फाकतो. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. आपल्याकडे हंगामात रात्री कापसाच्या बंड्या रस्त्याने चालतात. त्यांना मागे दिवा नसतो. ज्याचे डोळे दिपले त्याला बंडी दिसत नाही. कारखान्यातूनच एलईडीचा दिवा घेऊन आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिची वाटी त्या दिव्यासाठीच केलेली असते.

गाडीत मनमानी फेरफार करू नयेत असे १९८८ चा मोटार वाहन कायदा सांगतो. पुढे पांढरा, मागे लाल, वळताना नारिंगी. निळे, जांभळे, नाचणारे दिवे लावू नयेत. गाडी नवी असेल तर बदल करण्यापूर्वी वॉरंटीचे पुस्तक वाचावे. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही.

शेवटची तपासणी

दिवे बदलल्यावर अंधार पडू द्या. गाडी अंगणात उभी करा. घरातल्या कोणाला तरी वीस पावले मागे उभे करा. डावे बटन दाबा, मग उजवे. पुढचा ब्रेक दाबा, मग मागचा. दर वेळी विचारा, "काय दिसलं?" तुम्ही दाबले तेच त्याने सांगितले, तर काम झाले.

आमच्या विद्यार्थ्याने दुसऱ्याच दिवशी मिस्त्रीकडून दोन डायोड बसवून घेतले. संध्याकाळी तो पुन्हा अंगणात आला. त्याची बायको मागे उभी राहिली. त्याने बटन दाबले. "उजवा!" ती म्हणाली. "आता डावा!" तिच्या कडेवरचे पोरही टाळ्या पिटू लागले.

मंडळी, तुम्ही अक्षरे शिकलात. एक काना चुकला तर शब्दाचा अर्थ बदलतो, हे तुम्ही जाणता. फटफटीचे दिवे हीसुद्धा एक लिपीच आहे. आपण लिहितो आणि मागचा वाचतो. आपले लिहिणे शुद्ध असले, म्हणजे तोही सुखरूप आणि आपणही सुखरूप.