जलपर्णी कोठे खुरटी, कोठे कमरेइतकी

चक्रावती नदीच्या काठी वसलेल्या कळंबच्या परिसरात डोह, तलाव किंवा नाल्यात जलपर्णी आढळल्यास कार्यकर्त्याने प्रथम एक रोप उपटून त्याची मुळे पाहावीत.

ही वनस्पती एका पाण्यात वीतभर राहते, दुसऱ्यात कमरेइतकी वाढते. त्यावरून या दोन जाती असाव्यात असा समज होतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातून जगभर गेलेली जलपर्णी मुख्यतः आडव्या धुमाऱ्यांनी पसरते, त्यामुळे दूरदूरच्या रोपांतही आनुवंशिक भेद फार थोडा असतो. फरक पाण्याचा होय. नत्र व स्फुरद कमी असल्यास पाने लहान व मुळे लांब होतात. सांडपाणी, शेणमूत्र किंवा शेतातील खत वाहून येते तेथे पाने मोठी, गर्द हिरवी व मुळे आखूड असतात. केवळ उंचीवर मात्र विसंबू नये, कारण दाटीतही देठ सडपातळ व उंच होतात.

अशा सकस, उबदार पाण्यात एक-दोन आठवड्यांत रोपे दुप्पट होऊ शकतात. म्हणून सांडपाण्याचा ओघ न अडविता केलेले श्रमदान वाया जाते. काढणी फुलोऱ्यापूर्वी उरकावी. बी गाळात १५ ते २० वर्षे जिवंत राहू शकते.