‘वळ’ आधी की ‘वसई’?

ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडला की भिवंडी तालुक्यातल्या गोदामांचं राज्य सुरू होतं. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ. मुंबईच्या जकातीबाहेर राहता यावं म्हणून इथे गाळ्यांना गाळे लागत गेले. २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, गोदामं राहिली. आतला माल आता वहीऐवजी ब्राउझरमधल्या तक्त्यात बघता येतो. वर शोधाची चौकट, खाली रकाने. ‘तारीख’वर टिचकी मारली की यादी तारखेनुसार लागते, पुन्हा मारली की उलटी.

रकान्याचं शीर्षक म्हणजे साधी लिंक. ‘हा रकाना, उतरता क्रम’ एवढा निरोप वेबपत्त्याच्या शेपटाला लागून सर्व्हरकडे जातो आणि डेटाबेस यादी नव्याने लावून देतो. शोधलेला शब्दही त्याच पत्त्यात ठेवावा लागतो. नाहीतर ‘काल्हेर’ शोधून तारखेवर टिचकी मारावी, तर अख्ख्या तालुक्याचा माल समोर! घाईच्या कामात हे हमखास राहतं. शिवाय पत्ता कुणीही बदलू शकतो, रकान्याच्या नावाजागी भलतीच आज्ञा घुसवू शकतो. म्हणून आलेलं नाव आधी ठरलेल्या रकान्यांच्या यादीशी ताडून पाहायचं, मगच डेटाबेसकडे द्यायचं.

खरी गंमत क्रमात आहे. गाळा नंबर मजकूर म्हणून साठवला तर १० हा २ च्या आधी येतो, कारण तुलना पहिल्या अक्षरापासून होते. तारखेचंही तेच: ०५-०३-२०२५ ही २०-०१-२०२५ च्या आधी जाऊन बसते.

मराठीत वर ‘ळ’ आडवा येतो. युनिकोडमध्ये त्याची जागा ‘ल’च्या पाठोपाठ, आपल्या वर्णमालेत ‘ह’नंतर. त्यामुळे नुसत्या संकेतांकांवर लावलेल्या यादीत भिवंडीतलं ‘वळ’ आधी आणि ‘वसई’ मागून. मराठी क्रमाने बरोबर उलटं. मराठीचे क्रमनियम तयार आहेत, पण ते वापर असं डेटाबेसला सांगावं लागतं.

शोधाची तऱ्हा वेगळी. घाईत कुणी ‘कशेली’ टाइप करतो, तेव्हा ‘कशेळी’ सापडायलाच हवं. म्हणजे क्रम लावताना जपलेला ल-ळ भेद इथे मुद्दाम सोडायचा. एवढं करूनही राज्यभरच्या यादीत राजापूर तालुक्यातलं, कनकादित्याच्या देवळाचं कशेळी सोबत येतंच. त्यासाठी चौकटीशेजारी तालुका निवडायची सोय लागते.