टेसन, ठेसन, इस्टेशन

ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची रेल्वे भुसावळकडून नागपुरात पोहोचली ती १८६७ साली. गाडीबरोबर 'स्टेशन' हा शब्दही उतरला आणि लोकांच्या तोंडी पडताच त्याचे रूप पालटले. कोणी टेसन म्हणू लागले, कोणी ठेसन. हिंदी बोलणाऱ्यांनी इस्टेशन केले. मराठी आणि हिंदी एकाच गल्लीत नांदणाऱ्या या शहरात तिन्ही रूपे कानावर येतात. "काऊन बे, टेसनावर जाऊन राहिला का?" हे खास नागपुरी.

शिकलेले लोक यावर हसतात. हसू नये असे काही नाही, पण हे उच्चार वाटेल तसे झालेले नाहीत. शब्दाच्या आरंभीच 'स्ट', 'स्थ', 'स्क' आले की जीभ अडते. मग एक तर 'स' गाळायचा, नाहीतर आधी एखादा स्वर लावून घ्यायचा. प्राकृत भाषांनी हे दोन्ही फार पूर्वीच करून ठेवले आहे. स्थानाचे ठाण झाले, स्कंधाचा खांदा, स्फोटाचा फोड. 'स्तन'मधला 'स' गेला, पण जाताना 'त'चा 'थ' करून गेला. ठेसनातला 'ठ' याच चालीचा. आणि 'इस्टेशन'? पालीत 'स्त्री'ची 'इत्थी' होते.

युरोपही यातून सुटला नाही. 'स्टेशन'चा लॅटिनमधला मूळ शब्द स्पॅनिशमध्ये 'एस्तासिऑन' झाला. खुद्द इंग्रजीत 'स्टेट' आणि 'इस्टेट' हे एकाच लॅटिन शब्दाचे दोन अवतार. म्हणजे 'इस्टेट' म्हणणारा साहेब आणि 'इस्टेशन' म्हणणारा अडाणी, असा हा न्याय!

मराठीचा न्यायही फारसा वेगळा नाही. 'प्लॅटफॉर्म'ची मोडतोड होऊन झालेला 'फलाट' प्रतिष्ठित ठरला; रेल्वेच्या घोषणांत तो रोज ऐकू येतो. 'टिकेट'चे तिकीट झाले, ते तर शुद्ध मराठीच वाटते. टेसन मात्र दाराबाहेरच राहिले. सिग्नलचा 'सिंगल'ही तिथेच ताटकळतो आहे.

'स्टेशन'च्या जागी सरकारी मराठीने 'स्थानक' आणले. 'स्था' हा संस्कृत धातू आणि लॅटिनमधले मूळ एकाच कुळातले, त्यामुळे ही अदलाबदल घरातल्या घरातच झाली. गणेशपेठेतल्या एसटीच्या आगाराजवळचे मध्यवर्ती बसस्थानक ऑटोवाल्याला 'बसस्टँड' म्हटले की चटकन कळते; आणि तो 'स्टँड'ही त्याच कुळातला.