बोटीची खोली आणि आपली प्रकृती

बोट लागणे हा शब्दप्रयोग आपल्याकडे फार जुना आहे. मुंबईहून कोकणात आणि गोव्याला आगबोटी जात, त्या काळात डेकवर सतरंजी पसरून आणि हातात लिंबू धरून रात्र काढलेली मंडळी अजून भेटतात. केबिनमधून प्रवास हा साहेबलोकांचा मामला, अशीच त्यांची समजूत असे. आता काळ बदलला आहे. २०२१ साली मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा क्रूझच्या फेऱ्या सुरू झाल्या. सिंगापूरच्या सहलीला जोडून तीन रात्रींची क्रूझ घेणारे तर गावोगावी आहेत. कोणाचा मुलगा किंवा लेक परदेशात असते आणि आईवडिलांसाठी तिकडूनच तिकीट काढून पाठवते.

अशी मंडळी निघण्याआधी माझ्याकडे तपासणीसाठी येतात. रक्तदाब पाहून झाला की मी विचारतो, "खोली कुठली घेतली?" उत्तर बहुधा ठरलेले असते, "खोलीचं काय डॉक्टर, रात्री पाठ टेकायलाच तर जायचं!" तिशीतल्या धडधाकट माणसाचे हे उत्तर मला मान्य आहे. पण साठीच्या पुढे, गुडघे धरलेले, मधुमेह असलेले किंवा रात्री तीन वेळा उठावे लागणारे जे प्रवासी असतात, त्यांची सहल सुखाची होणार की नाही, हे पुष्कळसे या खोलीवरच ठरते.

क्रूझच्या खोल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार असतात. आतली, म्हणजे बिनखिडकीची, बंद काचेच्या खिडकीची, बाल्कनीची, आणि ऐसपैस सुइट. दर याच क्रमाने चढत जातात. पण प्रकृतीच्या दृष्टीने प्रकारापेक्षा जागा महत्त्वाची. खोली बोटीच्या कोणत्या मजल्यावर आहे आणि पुढे, मध्ये की मागे आहे, हे आधी पाहावे.

याचे कारण साधे आहे. एसटीच्या मागच्या बाकावर बसून ज्याने घाट उतरला आहे, त्याला ते वेगळे सांगायला नको. लाटांवर बोटीचे पुढचे आणि मागचे टोक आलटूनपालटून वरखाली होते, बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखे. फळीची टोके उंच जातात, मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. शिवाय बोट दोन्ही बाजूंना कलते, तेव्हा झाडाच्या शेंड्याप्रमाणे वरचे मजले जास्त झुलतात. आधुनिक बोटींना हे कलणे कमी करणारी पंखासारखी यंत्रे असतात, पण पुढचे टोक वरखाली होते त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून ज्याला गाडी लागते, त्याने बोटीच्या मध्यावरची, खालच्या किंवा मधल्या मजल्यावरची खोली मागावी. सर्वांत वरची, अगदी पुढची, बाल्कनीची महागडी खोली घेऊन दोन दिवस बादलीजवळ काढण्यात काय मजा?

"खिडकी घ्या, म्हणजे बोट लागत नाही," असे एजंट सांगतात. हे अर्धेच खरे आहे. आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते की आपण हलतो आहोत. डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. या दोन साक्षींचा मेळ बसला नाही की मळमळ, घाम, उलटी असा क्रम सुरू होतो. दूरच्या क्षितिजाकडे पाहिले की डोळ्यांनाही हालचाल कळते आणि बरे वाटते. डेकवरच्या त्या जुन्या प्रवाशांना मोकळी हवा आणि क्षितिज दोन्ही फुकट मिळत होते. पण रात्री खिडकीबाहेर काळोखच असतो. तेव्हा मध्यावरची बिनखिडकीची खोली ही टोकावरच्या खिडकीवाल्या खोलीपेक्षा केव्हाही बरी. दिवसा डेकवर जाऊन बसावे, मळमळ सुरू झालीच तर डोळे मिटून आडवे व्हावे.

उलटीच्या गोळीविषयी इथेच सांगतो. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन यांसारख्या गोळ्यांचा उपयोग होतो, पण त्या त्रास सुरू होण्याआधी घ्याव्या लागतात. त्यांनी झोप येते, तोंड कोरडे पडते. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी त्यांनी अडू शकते आणि काचबिंदूच्या काही रुग्णांना त्या चालत नाहीत. शेजाऱ्याने दिली म्हणून गोळी घेऊ नये, आपल्या डॉक्टरांना विचारावे.

बिनखिडकीच्या खोलीचा खरा दोष निराळाच आहे. दिवा मालवला की तिथे मिट्ट काळोख होतो. पहाट झाली की मध्यरात्र आहे, कळत नाही. विसरभोळेपणा सुरू झालेली वयस्क माणसे परक्या जागी रात्री जागी झाली की गोंधळतात, दार समजून कपाट उघडतात. त्यात अनेक बोटींवर न्हाणीघराला चार-सहा इंच उंच उंबरा असतो. अंधार, हलणारी जमीन, घाईची लघवी आणि तो उंबरा, हे चार एकत्र आले की खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. अशा माणसासाठी खिडकीची खोली घ्यावी. ते परवडत नसेल तर लहानसा रात्रीचा दिवा बरोबर न्यावा, किंवा न्हाणीघरातला दिवा लावून दार किलकिले ठेवावे. भिंतीतून उघडणारा वरचा पलंग वयस्कांना देऊ नये, हे सांगायला नको, पण चौघांत एक खोली घेतली की नेमके तेच घडते.

इथे एक युक्ती सांगून ठेवतो. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. समुद्र नीट दिसत नाही म्हणून या खोल्या स्वस्त मिळतात. त्या बऱ्याचदा मधल्या मजल्यांवर असतात आणि उजेड मात्र हवा तेवढा येतो. माझ्या वयस्क रुग्णांना मी ही खोली आवर्जून सुचवतो.

गुडघ्यांचा विचारही करायला हवा. मुंबईहून फेऱ्या करणारी 'एम्प्रेस' ही १९९० सालची बोट आजच्या मानाने मध्यम आकाराची, तरी तिची लांबी सुमारे २११ मीटर आहे. खोली एका टोकाला आणि जेवणघर दुसऱ्या टोकाला असले, तर दिवसातून सहा-आठ खेपांत आपल्या बाजारपेठेला फेरी होते! खोली लिफ्टजवळ असावी, पण दार अगदी लिफ्टसमोर नको, रात्रभर वर्दळ असते. चाकाच्या खुर्चीचा प्रवासी असेल तर रुंद दाराच्या, बिनउंबऱ्याच्या, भिंतीला कठडे असलेल्या खास खोल्या मिळतात. त्या मोजक्याच असतात, म्हणून फार आधी सांगावे लागते. आग लागल्यास लिफ्ट वापरता येत नाही. जिने चढता-उतरता येत नसेल, तर पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना तसे सांगून ठेवावे.

नकाशात खोलीच्या वर आणि खाली काय आहे, तेही पाहावे. डोक्यावर नाचघर किंवा पोहण्याचा तलाव असेल तर झोपेचे खोबरे ठरलेले. वर-खाली दोन्हीकडे खोल्याच असतील ती जागा शांत. अगदी मागच्या बाजूला यंत्रांची थरथर जाणवते.

बाल्कनीचे आकर्षण सर्वांनाच असते, पण लहान मूल बरोबर असेल तर मी ती घेऊ देत नाही. कठडा उंच असला तरी खुर्ची सरकवायला मुलाला कितीसा वेळ लागतो? उलट, आजारपणात बाल्कनीचे मोल कळते. २०२० च्या फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' बोटीवर ३,७११ माणसे अडकली होती. त्यांपैकी ७१२ जणांना करोनाची लागण झाली. कर्मचाऱ्यांत आपले भारतीयही होते. प्रवाशांना खोल्यांतच राहावे लागले. ज्यांना खिडकी नव्हती, त्यांना थोडा वेळ डेकवर सोडत, तेवढीच मोकळी हवा. असा प्रसंग विरळाच म्हणायचा. पण जुलाब-उलट्यांची साथ बोटींवर अधूनमधून येतेच. त्या विषाणूवर हात चोळण्याच्या जेलचा भरवसा धरू नये, साबणाने हात धुवावेत.

तिकीट काढताना 'गॅरंटी' नावाचा स्वस्त दर दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की खोलीचा प्रकार नक्की, जागा मात्र कंपनी नंतर देईल, ती कुठेही असू शकते. मधुमेही यजमान आणि गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या बाई अशा एका जोडप्याला लेकीने हेच तिकीट पाठवले होते. मी तिला फोन करायला लावला. थोडे पैसे जास्त भरून मध्यावरची, लिफ्टजवळची खोली मिळाली.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी खोलीतल्या छोट्या फ्रिजवर विसंबू नये, काही फक्त पेयपेटीसारखे गार असतात. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश सेल्सिअस लागते, म्हणून बोटीच्या दवाखान्यात ठेवता येतील का, ते विचारावे. घोरण्याच्या आजारासाठी रात्री यंत्र लावणाऱ्यांनी पलंगाजवळ वीज आहे का, हे आधी कळवून ठेवावे. आणि बंदरावर दिलेल्या मोठ्या बॅगा खोलीपर्यंत यायला कित्येक तास लागतात. म्हणून संध्याकाळच्या गोळ्या, इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी खांद्यावरच्या पिशवीत ठेवा.