गालिचा पारखताना : गाठीचा, टफ्टेड की सतरंजी?

नवी दिल्ली : ‘हातकामाचा’ म्हणून विकला जाणारा प्रत्येक गालिचा गाठी मारून विणलेला असतोच असे नाही. दोहोंच्या किमतींत मोठी तफावत असल्याने पुढील संज्ञा ग्राहकाने जाणून घेणे हिताचे ठरते.

गाठीचा गालिचा : मागावरील उभे धागे म्हणजे ताणा, तर आडवे धागे म्हणजे बाणा. विणकर ताण्यावर लोकरीची वा रेशमाची एकेक गाठ मारून धागा कापतो. या टोकांतून मऊ लव तयार होते. काश्मीरमध्ये ‘तालीम’ या सांकेतिक लिपीवरून नक्षी विणली जाते.

गाठींची घनता : ही प्रति चौरस इंच मोजतात. उभ्या-आडव्या ९ गाठी असल्यास ८१, तर १८ असल्यास ३२४. म्हणजेच श्रम चौपट.

टफ्टेड गालिचा : ताणलेल्या कापडात हातयंत्राने लोकर खोचून मागे लॅटेक्सचा लेप देतात व त्यावर अस्तर लावतात. यात गाठ नसते. काम झटपट होते. मात्र कालांतराने लॅटेक्स सुकून त्याचा भुगा होऊ लागतो.

सतरंजी : हिला लव नसते, रंगीत बाण्यातूनच नक्षी उमटते.

पारख कशी करावी : गालिचा उलटून पाहावा. गाठीच्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी व गाठी स्पष्ट दिसतात आणि झालर ही ताण्याचीच टोके असतात. पाठ अस्तराने झाकलेली व झालर शिवलेली असल्यास तो बहुधा टफ्टेड समजावा. भौगोलिक मानांकनप्राप्त काश्मिरी गालिच्यांसाठी २०२२ पासून क्यूआर संकेताची पट्टीही उपलब्ध आहे.

टफ्टेड गालिचा गाठीचा म्हणून खपला, तर ग्राहकाची फसवणूक होतेच. शिवाय विणकराच्या कित्येक महिन्यांच्या श्रमाचे मोलही घसरते.