कागदी विणीचे डॅनिश हृदय
नाताळच्या झाडावर टांगण्यासाठी डेन्मार्कमधील मुले दोन रंगांच्या, बहुधा लाल व पांढऱ्या, कागदांतून हृदये विणतात. ज्ञात नमुन्यांपैकी सर्वांत जुने हृदय परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन यांनी १८६० मध्ये केलेले मानले जाते. प्रत्येक कागद दुमडून त्याचे मोकळे टोक गोल कापतात आणि दुमडीच्या बाजूने, कागदाच्या रुंदीपेक्षा किंचित लांब अशा समांतर चिरा देतात, त्यामुळे दुपदरी पट्ट्या तयार होतात. खरी मेख पुढेच आहे: साध्या चटईत पट्टी वरून व खालून जाते, येथे मात्र ती समोरच्या पट्टीच्या दोन पदरांमधून जाते आणि त्यापुढच्या पट्टीला स्वतःच्या पदरांत घेते, म्हणूनच पूर्ण झालेले हृदय पिशवीसारखे उघडते व त्यात सुकामेवा किंवा गोळ्या भरता येतात. फ्रोबेल यांच्या बालोद्यान पद्धतीत, म्हणजे खेळ आणि हस्तकौशल्य यांतून शिकवण्याच्या जर्मन पद्धतीत, कागदविणीला स्थान होते. महाराष्ट्रातील बालवाड्यांतली कागदी चटई त्याच कुळातली म्हणता येईल. हृदय करताना लहानग्यांसाठी दोनच चिरा पुरेत. जाड कार्डशीट मात्र टाळावे, कारण ते विणताना फाटते आणि मुलांच्या आधी मोठ्यांचाच धीर सुटतो. टांगण्यासाठी त्याच कागदाची अरुंद पट्टी आतून चिकटवतात.